ट्रिल पात्रांची सूची करताना : माझा अनुभव

"एक पात्र, एक ओळ" हा नियम सूची नीटनेटकी राहावी म्हणूनच केलेला असतो, हे मला मान्य आहे. परंतु 'स्टार ट्रेक' मालिकांमधील ट्रिल या परग्रहवासी वंशाची पात्रे नोंदवायला बसलेल्या माणसाची वाट नेमका तोच नियम अडवतो, आणि त्याचा मला इतका त्रास झाला की काम मार्गी लागून बराच काळ लोटला तरी विषय निघाला की मी अजूनही तावातावाने बोलू लागते. पुढे कोणी असेच काम हाती घेतले तर त्याला ही अडचण आधीच ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुंबईतील एका खासगी संस्थेने परदेशी विज्ञानकथा मालिकांमधील पात्रांचा मराठी संदर्भकोश करण्याचे ठरवले आणि स्वयंसेवकांना एकेक परग्रहवासी वंश वाटून दिला. व्हल्कन आणि क्लिंगॉन यांच्यावर साहजिकच उड्या पडल्या. मी ट्रिल मागून घेतले, कारण 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या मालिकेतील जॅडझिया डॅक्सइतके पदर असलेले पात्र दूरचित्रवाणीवर क्वचितच पाहायला मिळते, असे मी पहिल्यापासून मानत आले आहे.

ज्यांनी या मालिका पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रिल दिसायला आपल्यासारखेच असतात. कपाळाच्या दोन्ही कडांपासून मानेवरून खाली उतरत जाणारे ठिपके ही त्यांची खूण. त्यांच्यापैकी निवडक व्यक्तींच्या पोटात एक सहजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहणारा वेगळा सजीव, ठेवला जातो. यालाच जोडणी म्हणतात, आणि ज्याच्या पोटात तो राहतो तो यजमान. यजमान मरण पावला की तोच सहजीवी दुसऱ्या यजमानाकडे जातो आणि आधीच्या सर्व यजमानांच्या आठवणी सोबत नेतो. जोडणीनंतर ९३ तास उलटले की दोघे एकमेकांवर पूर्णपणे अवलंबून होतात, आणि त्यानंतर सहजीवी काढला तर यजमान जगत नाही. जोडलेली व्यक्ती स्वतःचे नाव ठेवते आणि पुढे सहजीवीचे नाव लावते. कर्झन डॅक्स, जॅडझिया डॅक्स, एझ्री डॅक्स ही अशीच तीन निरनिराळी माणसे आहेत, आणि त्यांच्यातला डॅक्स मात्र एकच आहे.

भाग पाहणे, नावे टिपणे, प्रसारणाची वर्षे जुळवणे यांत काहीच अडले नाही. कलाकाराचे नाव मात्र नेहमी त्या भागाच्या श्रेयनामावलीत जसे आले असेल तसेच उतरवावे आणि नंतरचे नाव शेजारी द्यावे. याच मालिकेतील डॉक्टर बशीर या मानव पात्राची भूमिका करणारे नट पहिल्या तीन हंगामांत सिद्दिग एल फादिल या नावाने दिसतात आणि चौथ्या हंगामापासून अलेक्झांडर सिद्दिग या नावाने. ट्रिलांच्या यादीत बशीर कुठून आला, असे वाचणाऱ्याला वाटेल. तोच तर सगळा घोळ आहे.

संस्थेचे नोंदपत्रक संगणकावर भरायचे होते. त्यात पात्राचे नाव, वंश, लिंग, कलाकार, पहिला भाग, वर्ष आणि जीवित की मृत एवढे रकाने होते. प्रत्येक रकान्यात एकच उत्तर बसत असे, आणि पूर्वी नोंदवलेले आडनाव त्याच मालिकेत पुन्हा आले की ती ओळ तपासणीसाठी बाजूला पडत असे. मी लेला, टोबिन, एमनी, ऑड्रिड, टोरियस, जोरन, कर्झन, जॅडझिया आणि एझ्री असे डॅक्सचे ९ यजमान नऊ ओळींत भरले. काही दिवसांनी फोर्टमधील कचेरीतून छापील प्रत परत आली. जॅडझियाची ओळ ठेवून बाकीच्या आठ ओळींवर लाल पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या होत्या आणि समासात "द्विरुक्ती" असे लिहिले होते. ऑड्रिडच्या ओळीपुढे आणखी दोन शेरे होते : "लिंग तपासा" आणि "कलाकार फेरेंगी यादीत आहे". फेरेंगी हा याच मालिकेतला आणखी एक परग्रहवासी वंश.

तो शेरा वाचून मला मनस्वी वाईट वाटले, कारण ऑड्रिडची ती ओळ अक्षरशः बरोबर होती. १९९५ मधील 'फॅसेट्स' या भागात जॅडझिया झियानतारा नावाचा ट्रिल विधी करते. त्यात पूर्वीच्या यजमानांच्या आठवणी काही काळापुरत्या मित्रमंडळींच्या शरीरात उतरवल्या जातात, जेणेकरून तिला आपल्या पूर्वसुरींशी समोरासमोर बोलता यावे. लेला किराच्या शरीरात येते, टोबिन ओब्रायनच्या, एमनी लीटाच्या, टोरियस बशीरच्या, जोरन सिस्कोच्या आणि कर्झन ओडोच्या. ऑड्रिड ही स्त्री, जोडणीसाठी माणसे निवडणाऱ्या ट्रिलांच्या सहजीवन आयोगाची एके काळी प्रमुख असलेली. ती येते क्वार्क या फेरेंगी पुरुषाच्या शरीरात, आणि ती भूमिका अर्थातच आर्मिन शिमरमन यांनी केली आहे. म्हणजे पात्र ट्रिल, लिंग स्त्री, कलाकार पुरुष आणि पडद्यावरचा चेहरा फेरेंगी. नोंदपत्रकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी खरे दिले होते, आणि चारही उत्तरे एकत्र आल्यावर ती चूक ठरवली गेली होती.

मी कचेरीत गेले. तपासणीच्या टेबलावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, डॅक्स एकच ना? मग ओळ एकच." मी विचारले, "मग त्या ओळीत कलाकार म्हणून कोणाचे नाव घालू?" ते म्हणाले, "मुख्य असेल त्याचे." जॅडझिया १९९३ ते १९९८ या काळात टेरी फॅरेल यांनी साकारली आणि शेवटच्या हंगामात निकोल डी बोअर यांची एझ्री आली, हे मी सांगितले, तेव्हा "मग ज्यांनी जास्त वेळा काम केले त्यांचे" असे उत्तर मिळाले. पुढच्या खेपेला दुसरे कोणी टेबलावर होते, आणि त्यांनी बरोबर उलटा सल्ला दिला : सहजीवी विसरून जा, जॅडझिया आणि एझ्री यांच्या दोनच स्वतंत्र ओळी करा, आडनाव गाळा. मी घरी येऊन तसेही करून पाहिले, आणि सूची अधिकच निरुपयोगी झाली. एझ्रीला वॉर्फशी झालेले लग्न आठवते, पण ते लग्न जॅडझियाचे होते. दोन ओळींमध्ये धागाच नसेल, तर वाचणाऱ्याला हे कळावे कसे?

हे दळण बराच काळ चालू राहिले. नोंदी पाठवायच्या, परत यायच्या, चर्चगेटपर्यंत लोकलने जायचे आणि उत्तर न घेता परतायचे. या काळात माझा धीर सुटत चालला होता हे मी लपवणार नाही, पण माझे म्हणणे योग्य आहे याबद्दल मला कधीही शंका आली नाही.

शेवटी मी एक सविस्तर पत्र लिहिले आणि त्यात जोरनचे उदाहरण दिले. १९९४ मधील 'इक्विलिब्रियम' या भागापर्यंत जोरन डॅक्सच्या यजमानांत मोजलेलाच नव्हता. तो संगीतकार होता आणि खुनी होता. अशा माणसाशी सहजीवी जोडला गेला हे उघड झाले तर निवडक लोकच जोडणीस पात्र असतात या समजुतीला तडा जाईल, म्हणून ट्रिलांच्या सहजीवन आयोगाने त्याचे नाव दप्तरातून काढून टाकले आणि डॅक्सच्या आठवणीही दाबून ठेवल्या. प्रत्यक्षात जवळजवळ अर्धी लोकसंख्या जोडणीस पात्र होती, हेही त्याच भागात उघड होते. दडपलेल्या त्या आठवणी उसळल्या तेव्हा जॅडझियाच्या जिवावर बेतले. मी पत्रात लिहिले की आपण जोरनची ओळ द्विरुक्ती म्हणून खोडत आहोत, म्हणजे कथेतल्या आयोगाने जे केले तेच आपण कोशात करत आहोत. डॅक्सची एकच ओळ ठेवावी तर "खुनी" हा शब्द जॅडझियाच्या नावापुढे जातो, आणि जोरनला वगळावे तर तिच्या आजाराचे कारणच नाहीसे होते. शिवाय जोरनला पडद्यावर तीन चेहरे आहेत : 'इक्विलिब्रियम'मध्ये जेफ मॅग्नस मॅकब्राइड, 'फॅसेट्स'मध्ये सिस्कोच्या रूपाने एव्हरी ब्रूक्स आणि १९९९ मधील 'फील्ड ऑफ फायर'मध्ये ली मॅक्लॉस्की.

पत्राच्या शेवटी मी असेही लिहिले की चाळीतली खोली तीच राहते आणि भाडेपावतीवरची नावे बदलत जातात, म्हणून आपण खोलीची नोंद वेगळी आणि भाडेकरूंची वेगळी ठेवतो. इथेही तेच करावे.

कोशाच्या प्रमुख मॅडमनी मला भेटायला बोलावले. मी टॅब्लेट घेऊन गेले आणि 'फॅसेट्स' पूर्ण पाहण्याची विनंती केली. त्यांनी फोन बाजूला ठेवून अखेरपर्यंत तो पाहिला. ओडो आणि कर्झन इतके एकरूप होतात की कर्झनला परत यायचेच नसते, ते दृश्य आले तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारले, "मग ही नोंद कोणाची, ओडोची की कर्झनची?" माझे काम तिथेच झाले. मी आधीच तयार केलेले दोन तक्ते त्यांच्यापुढे ठेवले. पहिल्यात फक्त सहजीवी : डॅक्स, कान, ओडान, ताल. दुसऱ्यात व्यक्ती, आणि प्रत्येकीपुढे तिच्या सहजीवीचा क्रमांक, जोडणीचा प्रकार आणि कितीही नावे मावतील असा कलाकारांचा रकाना. सूचीचे एकक व्यक्ती नसून जोडणी आहे, हे माझे म्हणणे त्यांनी त्याच दिवशी मान्य केले. त्या दिवशी फोर्टहून परतताना मला जो आनंद झाला, तो या कामातल्या दुसऱ्या कशानेही झाला नाही.

त्यानंतर सगळे भराभर झाले. एझ्रीच्या माहेरच्या टिगन कुटुंबातील आई यानास आणि भाऊ जॅनेल व नॉर्व्हो ही तिन्ही माणसे कधीच न जोडलेली असल्यामुळे त्यांना एकेक ओळ पुरली. 'रिजॉइन्ड' या १९९५ मधील भागाची नोंद तर नव्या तक्त्यामुळेच शक्य झाली. लेनारा कान आणि जॅडझिया यांची ओढ समजायची असेल, तर एके काळी टोरियस डॅक्स आणि निलानी कान पतिपत्नी होते हे दिसले पाहिजे, आणि पूर्वीच्या यजमानांची नाती नव्या आयुष्यात पुढे चालवणे ट्रिल समाजात निषिद्ध आहे हेही.

इथे एक गोष्ट आठवली, ती खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. यजमानाचा अनुक्रम नावाच्या रकान्यात कधीही लिहू नये. जोरनचा उलगडा होईपर्यंत जॅडझिया सातवी धरली जाते आणि नंतर आठवी ठरते. अनुक्रम स्वतंत्र रकान्यात असावा आणि तो कोणत्या भागाच्या आधारे दिला आहे हे त्याच्या शेजारी लिहावे.

ओडान या सहजीवीबद्दलही सावध करते. ट्रिल प्रथम दिसले ते १९९१ मध्ये, 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या 'द होस्ट' या भागात. तिथे ओडानच्या कपाळावर उंचवटे आहेत, ठिपके नाहीत. ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्राने, जाणे त्याला धोक्याचे असते. आणि यजमानाचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व जवळपास दिसतच नाही. दोन वर्षांनी आलेली जॅडझिया बिनदिक्कत ट्रान्सपोर्टर वापरते. टेरी फॅरेल यांच्यावरही आधी कपाळाचा साज करून पाहिला होता, पण तो नापसंत झाला आणि रंगभूषाकार मायकल वेस्टमोर यांनी ठिपके रंगवले. या दोन रूपांचा मेळ घालण्याच्या फंदात पडू नये. जे जसे दिसले ते तसे लिहून वर्ष द्यावे.

तात्पुरत्या यजमानांसाठी वेगळी खूण हवीच. 'द होस्ट'मध्ये ओडानला काही काळ स्वतःच्या शरीरात ठेवणारा रायकर मानव आहे. 'इन्व्हेझिव्ह प्रोसीजर्स'मध्ये डॅक्स बळजबरीने काढून घेणारा व्हेराड ट्रिल आहे, पण आयोगाने नाकारलेला. डॅक्सच्या अधिकृत यजमानांत तो धरला जात नाही, आणि तरी काही तास तो व्हेराड डॅक्स होता, हे नाकारता येत नाही. 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी' या मालिकेतील अदिरा ताल तात्पुरती यजमान नाही, पण वंशाने मानव आहे. शिवाय स्त्री किंवा पुरुष या दोन्हींत स्वतःला न धरणारी ती व्यक्ती असल्यामुळे लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय घालून घ्यावा लागला. त्यासाठी मात्र एक फोन पुरला.

आता हेच दोन तक्ते 'स्टारगेट एसजी-१' या दुसऱ्या मालिकेतील, यजमानांच्या शरीरात राहणाऱ्या गोआउल्ड वंशाची सूची करणाऱ्या स्वयंसेवकाकडे दिले आहेत. त्यांना मी सुचवले आहे की जोडणी स्वेच्छेची की जबरदस्तीची असा एक रकाना वाढवावा, कारण गोआउल्ड यजमानाला दाबून टाकतात, तर त्यांच्यातूनच फुटलेले टोकरा यजमानाबरोबर शरीर वाटून घेतात. जेकब कार्टर हा यजमान आणि सेल्मॅक ही त्याच्यातली टोकरा यांची नोंद त्यांनी सर्वांत आधी करून पाहावी. ती नीट बसली, तर बाकीच्या नोंदी अडणार नाहीत.