शिलालेखात न मावलेल्या अटी

माल्टाची जुनी राजधानी असलेल्या इम्दिनाच्या वेशीतून आत शिरले की मोटारींचा आवाज मागे पडतो आणि फिकट पिवळ्या चुनखडीच्या उंच भिंतींमधून चालत आपण कार्मेलाइट चर्चपाशी येतो. २ सप्टेंबर १७९८ रोजी फ्रेंचांनी या चर्चच्या चीजवस्तूंचा लिलाव मांडला, तेव्हा लोक खवळले आणि त्या दंगलीत फ्रेंच तुकडीचा प्रमुख मासों मारला गेला. त्याआधी जेमतेम तीन महिने, इजिप्तच्या वाटेवर असताना, नेपोलियनने सेंट जॉनच्या सरदारांकडून, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाकडून, हे बेट जवळजवळ न लढता घेतले होते. १५३० पासून सत्तेवर असलेले ते सरदार गेल्याचे माल्टीज लोकांना फारसे दुःख नव्हते. चर्चच्या चांदीला हात लागला, तेव्हा मात्र त्यांचा संयम सुटला.

फ्रेंच सैन्य राजधानी व्हॅलेटाच्या तटाआड जाऊन बसले. ते तट आजही पाहिले, तर शेतकऱ्यांच्या बळावर ते पडणे शक्य नव्हते हे सांगावे लागत नाही. मग बंडखोरांनी नेपल्सच्या राजाचा झेंडा उभारला आणि ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या आरमाराकडे मदत मागितली. त्या आरमारातला कप्तान अलेक्झांडर बॉल पुढे त्यांच्या राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला. वेढा दोन वर्षे चालला. ५ सप्टेंबर १८०० रोजी फ्रेंच सेनापती जनरल वोबुआ शरण आला, पण त्या करारावर सही करायला एकाही माल्टीज माणसाला बोलावले गेले नाही.

व्हॅलेटात ग्रँडमास्टरच्या, म्हणजे त्या सरदारांच्या प्रमुखाच्या, राजवाड्यासमोरच्या चौकात मी बराच वेळ थांबलो. तटाच्या आतून उठाव घडवण्याचा कट रचल्याबद्दल दुन मिकील शेर्री या धर्मगुरूला १७ जानेवारी १७९९ रोजी याच चौकात गोळ्या घातल्या गेल्या. आता तिथे मुले जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांत भिजत असतात. समोरच्या जुन्या पहाऱ्याच्या इमारतीवर ब्रिटिश राजचिन्हाखाली एक लॅटिन लेख आहे. फोनच्या कॅमेऱ्यातून मोठा करून वाचला: माल्टीज जनतेचे प्रेम आणि युरोपचा आवाज ही बेटे थोर, अजिंक्य ब्रिटनकडे कायम करतात, इ.स. १८१४.

प्रेम होते, हे खोटे नाही. १८०२ च्या फ्रान्सबरोबरच्या आमियाँ तहात ब्रिटनने बेट पुन्हा सरदारांना द्यायचे कबूल केले, तेव्हा विरोध माल्टीज लोकांनीच केला. मात्र त्या वर्षी १५ जूनला त्यांनी काढलेल्या हक्कांच्या जाहीरनाम्यात आणखीही काही होते: ब्रिटनचा राजा आमचा सार्वभौम, पण हे बेट दुसऱ्या कुणाला देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही, त्याने संरक्षण काढून घेतले, तर पुढचा राजा निवडण्याचा किंवा स्वतःच राज्य करण्याचा हक्क केवळ आमचा. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, हे मराठी माणसाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. पण माल्टाच्या कागदातली ही कलमे मला अधिक सावध वाटली. १८१४ च्या पॅरिस तहाने बेट ब्रिटनचे झाले आणि दगडावर तेवढे प्रेम कोरले गेले.

संध्याकाळी लोअर बराक्का बागेत गेलो. तिथे बॉलच्या स्मरणार्थ ग्रीक देवळासारखी वास्तू आहे. तिच्या पायऱ्यांवर बसलेले आजोबा कबुतरांना पाव घालत होते आणि खाली बंदरात एक भलेमोठे पर्यटक जहाज सावकाश वळत होते.