रांजणातलं उद्गारचिन्ह

डिसेंबरातली पहाट, परभणीत पारा दहाच्या आसपास. काचेवरचं दव पुसून गाडी सुरू करावी, तर समोर टायरमधली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा: तोंड उघडा रांजण, बुडाला दातरं आणि आत उद्गारचिन्ह. काल संध्याकाळपर्यंत तर सगळं ठणठणीत होतं! पहिला संशय बाभळीच्या काट्यावर जातो, दुसरा गल्लीतल्या पोरांवर. बहुतेक वेळा चोर थंडीच असते.

तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की चाकातला दाब साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) उतरतो. दुपारी ३० अंशांत, थंड टायरमध्ये मोजून ३३ भरलेली हवा पहाटे १० अंशांत ३० दाखवते. मे महिन्यातल्या ४० अंशांत भरून डिसेंबरपर्यंत विसरलेल्या चाकात पंक्चर नसतानाही साडेचार पीएसआय कमी भरतात. वर महिन्याला एखादा पीएसआय रबरातून झिरपतो तो वेगळाच. मग गाडी थोडी पळते, टायर तापतात, दिवा विझतो आणि बिचाऱ्या सेन्सरला येडं ठरवलं जातं.

येडा झालाय का नाही, ते दिवाच सांगतो. पेटला तो स्थिरच, तर हवा कमी. सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड यंत्रणेत असतो; तिथं कितीही हवा मारली तरी उपयोग नाही.

स्थिर असेल तर हवा मोजायचं गेज काढावं, तेही गाडी किमान तीन तास उभी असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्यायचा. टायरच्या कडेला कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. पंप दहा किलोमीटरवर असेल तर तिथं पोचेपर्यंत टायर तापलेले असतात. तेव्हा स्टिकरपेक्षा तीन-चार जास्त भरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजवर जुळवून घ्यावी. तापलेल्या चाकातली ‘जास्तीची’ हवा सोडणं हा उन्हाळ्यातला सगळ्यात लाडका घोटाळा.

काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणाच चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झालेलं चाक बसकं होतं, म्हणून जास्त फिरतं, आणि त्यावरून ते पकडलं जातं. थंडीत चारही चाकं सारखीच उतरतात, त्यामुळे या हुशारीला पहाटेचा पत्ता लागत नाही. इथं हवा भरल्यावर रिसेट करावं लागतं. न भरता नुसतंच बटण दाबलं, तर गाडी बसक्या चाकांनाच प्रमाण मानते. दिवा गेला, पण हवा होती तिथंच!

ज्यांच्या चाकात सेन्सर आहे, तो व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला लागून बसलेला असतो. त्यातली बॅटरी पाचेक ते दहा वर्षं चालते आणि सीलबंद असते, म्हणून ती संपली की सहसा अख्खा सेन्सरच बदलायचा. एकाचा सेल गेला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे असतात, हे बिल बघताना ध्यानात ठेवावं. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तरी दिवा लुकलुकतो. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, त्यामुळे हवा भरल्यावर दहा-वीस मिनिटं गाडी चालवल्याशिवाय काही गाड्यांत दिवा जात नाही.

टायर उतरवण्याआधी पंक्चरवाल्याला ‘आत सेन्सर आहे’ असं सांगावं. टायर रिमपासून सोडवताना मशीनचा दाब व्हॉल्व्हजवळ आला की प्लास्टिक कटकन मोडतं. पंक्चर बुजवायचं द्रावणही सेन्सरचं बारीक भोक बुजवून टाकू शकतं.

एकच चाक दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरत असेल, तर मात्र थंडीला दोष देऊ नये. आधी टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा; सायकलच्या दुकानात हेच काम थुंकीवर भागतं. फुगा हळूहळू वर येऊन फुटला, की आतली पिन ढिली आहे किंवा तिच्या रबराखाली धूळ बसली आहे. पिनच्या छोट्या पान्ह्यानं हलकेच आवळावी, पुन्हा थेंब सोडावा. तरी फुगा आलाच तर पिन नवी टाकावी. टोपण प्लास्टिकचंच लावावं. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण पावसाळ्यात असं गंजून धरतं, की पकडीनं फिरवताना व्हॉल्व्हच हातात येतो.