आमची वाटचाल : राणी छाप रुपयाची पारख

आमचं दुकान मुळात जुन्या चांदीच्या भांड्यांचं, नाण्यांचं काउंटर नंतर आलं. लोक आजीच्या पेटीतले राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले, रुपये घेऊन यायचे आणि पहिला प्रश्न एकच, खरा आहे ना? किंमत वगैरे त्यानंतर. म्हणून आम्ही खरेदी-विक्रीच्या आधी तपासणीवर जोर दिला आणि दुकान उभं राहिलं ते त्यावरच.

सुरुवात वजनापासून. १८३५ पासूनचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी ९१.७ टक्के. वापरून झिजला तर थोडा कमी भरतो, पण नऊ-साडेनऊ ग्रॅम भरला तर आम्ही तिथेच थांबतो. वजन जुळलं तरी नाणं पाण्यात तोलून घनता काढतो, ती साधारण १०.३ यायला हवी, जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा पण चांदी नसलेला मिश्रधातू, ९ च्याही खाली राहतं. (१९४० पासून चांदी निम्मीच केली, त्यामुळे त्या नाण्यांना हा आकडा लावू नका.) मग भिंग. टांकसाळीत ठसा दाबून पाडलेल्या नाण्याची अक्षरं कशी धारदार असतात, ओतलेल्या नकलेत ती बोथट, मध्येच बारीक खड्डे, आणि कडेवर साच्याचा सांधा घासून काढल्याची खूण.

साल आणि मजकूर पण जुळवायचा. १८७६ पर्यंत ‘व्हिक्टोरिया क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’, त्यामुळे १८६२ च्या रुपयावर एम्प्रेस दिसलं की विषय संपला. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून तिथे शेवटचा ९ आम्ही जास्तच वेळ बघतो, कोरून बदललेला नाही ना.

सगळ्यात जड जातं ते रामदरबारवाल्या ‘१८१८ ईस्ट इंडिया कंपनी’ नाण्याबद्दल सांगणं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, पण हे नाणं चमत्काराने तांदूळ स्वतःकडे ओढतं आणि लाखोंना जातं असं सांगून लोकांना लुटतात, माणसं कर्ज काढून घेतात हो! आम्ही शांतपणे समजावतो, श्रद्धा असेल तर देव्हाऱ्यात ठेवा, पण त्याच्यासाठी पैसे मोजू नका.

आता प्रत्येक नाण्यासोबत वजन, घनता आणि दोन्ही बाजूंचे फोटो असलेली चिठ्ठी देतो. प्रतिकृतीची चिठ्ठी लाल, त्यावर मोठ्या अक्षरात ‘नक्कल’, आणि अशी नाणी आम्ही विकायला ठेवत नाही.