डेंग्यू सिम्युलेशन अपडेट: जन्मसाल घातलं आणि क्युबा दिसायला लागला

मंडळी, दोन सेरोटाइपवालं (डेंग्यू व्हायरसचे चार प्रकार असतात, डेन-१ ते डेन-४, त्यातले दोन) साथीचं मॉडेल आता माणसांच्या जन्मसालासकट चालतंय. आधीच्या व्हर्जनमध्ये नुसते गट होते, लागण न झालेले, आजारी, बरे झालेले, त्यात डेन-१ आणि डेन-२ सोडले की दोन लाटांचा ग्राफ यायचा, दिसायला छान पण कुठल्याच खऱ्या शहराशी जुळत नव्हता. आता प्रत्येक एजंटकडे, म्हणजे मॉडेलमधल्या प्रत्येक माणसाकडे, स्वतःचं जन्मसाल आणि आधी कुठला डेंग्यू कधी होऊन गेला त्याची नोंद आहे.

टेस्टसाठी क्युबाच का, तर आपल्याकडे चारही सेरोटाइप एकत्र फिरत असतात त्यामुळे कोणाला आधी काय झालं होतं हे वेगळं काढता येत नाही. क्युबात मात्र एकेक सेरोटाइप वेगवेगळा आला. १९७७ ला डेन-१, बहुतेकांना सौम्य, पण नंतरच्या रक्ततपासणीत शहरी लोकांपैकी जवळपास ४४ टक्क्यांना तो होऊन गेल्याचं दिसलं. १९८१ ला डेन-२ आला आणि ३,४४,२०३ केसेस, दहा हजारांवर गंभीर रुग्ण, १५८ मृत्यू, त्यात १०१ लहान मुलं. त्यानंतर डासांविरुद्ध एवढी जबरदस्त मोहीम चालवली की पुढची साथ थेट १९९७ ला, सान्तियागो दे क्युबा शहरात, परत डेन-२ चीच. आणि या वेळी गंभीर झाले ते मोठी माणसं, मुलं नाहीत.

हेच माझ्या रनमध्ये आलं तेव्हा खरंच खूप भारी वाटलं! गंभीर केसेस जन्मसालानुसार लावल्या तर १९८० च्या पुढे सगळं शून्य. वयाबद्दल कोडमध्ये एक ओळसुद्धा नाहीये, नियम एवढाच की दुसऱ्यांदा वेगळा सेरोटाइप झाला तर धोका जास्त, आणि १९८० नंतर जन्मलेल्यांना डेन-१ झालेलाच नव्हता. लॉगमधला एक एजंट बघा: जन्म १९७१, डेन-१ १९७७ मध्ये, १९८१ मध्ये काहीच नाही म्हणजे सुटला, डेन-२ १९९७ मध्ये, गंभीर. त्याच्याच घरातला १९८५ चा एजंट, त्याच आठवड्यात तोच व्हायरस, पण पहिलीच लागण, आणि नुसता ताप येऊन बरा. आधीच्या अँटीबॉडी काही काळानंतर दुसऱ्या सेरोटाइपला अडवत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात, हे वाचून माहीत होतं, पण एका घरातल्या दोन ओळींत बघितल्यावर जास्त पटतं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. क्युबातल्या डेंग्यू संशोधक मारिया गुस्मान यांच्या टीमने दाखवलं होतं की दोन लागणींमधलं अंतर ४ वर्षांऐवजी २० झालं की आजार जास्त घातक होतो, माझ्याकडे धोका कायम एकसारखाच होता. म्हणून आता पहिल्या लागणीनंतर सुरुवातीला थोडा काळ दुसऱ्या सेरोटाइपपासूनही संरक्षण आणि मग वर्षागणिक वाढत जाणारा धोका असं ठेवलंय. हा सुरुवातीचा काळ किती धरायचा यावर सगळं फिरतं. विषाणूतज्ज्ञ अल्बर्ट साबिन यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर जे प्रयोग केले त्यात २-३ महिनेच निघाले, बँकॉकच्या १९७३ पासूनच्या हॉस्पिटल डेटावर मॉडेल बसवलं तर जवळपास २ वर्षं. दोन्ही चालवून बघितले, दोन्ही सेरोटाइप एकदमच सोडून. २-३ महिने धरले तर दोघं एकाच मोसमात एकमेकांवर चढतात, २ वर्षं धरली तर जो आधी पसरला तो सगळं मैदान मारतो आणि दुसरा अगदी थोड्या लागणींवर तग धरून राहतो, मग संरक्षण ओसरलं आणि नवी मुलं जन्मली की त्याची पाळी. कोण आधी पसरणार हे रँडम सीडवर (रनमधला योगायोग ठरवणारा सुरुवातीचा आकडा), म्हणजे पसरण्याची ताकद अगदी सारखी ठेवली तरी विजेता बदलतो. माझ्या मते व्हायरसच्या प्रकारांच्या स्पर्धेबद्दल बोलताना आपण ताकदीवर फार जोर देतो आणि लोकसंख्येच्या पूर्वइतिहासाकडे फार कमी बघतो.

डासांचा भाग साधाच ठेवलाय. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही, त्यामुळे व्हायरस घरोघरी नेतात ती माणसंच, पेरूतल्या इकितोसमध्ये नातेवाईक-मित्रांच्या घरी जाण्यायेण्यातून लागण पसरते हे दिसलंय, म्हणून एजंटना दिवसा दुसऱ्या घरी पाठवतो, डासही दिवसाच चावतो.

पुढचं काम म्हणजे क्रम. हवानात २००१-०२ ला डेन-३ आला तेव्हा आधी डेन-१ झालेल्यांना तो जास्त जड गेला, डेन-२ झालेल्यांना तेवढा नाही. म्हणजे 'दुसरी लागण' असा एकच आकडा पुरणार नाही, कुठल्यानंतर कुठला याच्या १२ जोड्या लागतील. आणि आईकडून बाळाला मिळणाऱ्या अँटीबॉडीसुद्धा घालायच्यात, कारण बँकॉकमध्ये सहा-आठ महिन्यांची बाळं पहिल्याच लागणीत गंभीर होतात ती त्यामुळेच. एवढं सगळं प्रत्येक एजंटमध्ये ठेवलं की पायथन जाम स्लो होतं, कोणी नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) लागणींचा इतिहास ठेवायची चांगली पद्धत वापरत असेल तर कोड टाका इथे, शनिवारी बसून करून बघतो.