मोठ्या त्रॅकीचा कोंब हातात आला, आणि बाकीचा एप्रिल अपडेट

फेब्रुवारीच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की न्यू जर्सीतल्या माझ्या अंगणातल्या मोठ्या त्रॅकीला (त्रॅकीकार्पस, थंडी सोसणारा पाम) हिवाळ्यात घातलेल्या प्लास्टिकच्या पेटीतलं मिनिमम २६ च्या खाली गेलं नाही (आकडे सगळे फॅरनहाइटमध्ये, सवयीने), बाहेर ६ असताना आत २६, म्हणजे यंदा मोठा त्रॅकी आरामात निघाला असं मी धरूनच चाललो होतो. ११ मार्चला पेटी उघडली. पानं हिरवीगार, एकही टोक करपलेलं नाही. पण आंबूस वास आला, आणि नेहमीच्या सवयीने मधला कोंब दोन बोटांत धरून जरासा वर ओढला तर तो सरळ हातात आला. काहीच जोर लावला नव्हता. खालचे चार इंच तपकिरी, बुळबुळीत, आणि वास सडलेल्या कोबीसारखा.

ज्यांनी स्पीअर पुल (मधला कोंब कुजून असा हातात येणं) बघितलाय त्यांना सांगायला नको काय वाटतं ते. हे झाड २०१९ पासून जमिनीत आहे, खोड आता चार फूट. २०२२ च्या डिसेंबरात नाताळच्या दोन दिवस आधी ती जी थंडीची लाट आली, सकाळी ५२ आणि रात्री ८, त्यातही याची पानं सगळी गेली होती पण कोंब जागचा हलला नव्हता. आणि या वर्षी पानं शाबूत आणि कोंब गेला. हे उलटं कसं, यातच माझा सगळा महिना गेला.

आधी काय केलं ते सांगतो. पहिल्याच दिवशी फार्मसीतलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड भोकात ओतलं, सोड्यासारखं फसफसून वर आलं. वीस मिनिटांनी टर्की बॅस्टरने (स्वयंपाकघरातली रबरी फुग्याची मोठी पिचकारी) सगळं ओढून काढलं (हे करा, नुसतं ओतून सोडू नका, ते घाण पाणी आतच राहतं), मग परत. असं तीन दिवस. तिसऱ्या दिवशी फेस बराच कमी झाला म्हणून जरा बरं वाटलं तर चौथ्या दिवशी शेजारचं सगळ्यात कोवळं पानही देठासकट निघून आलं. त्या रात्री झोप लागली नाही. आंबा, लिंबू काहीही असतं तर फांदी कापून टाकली असती, दुसरीकडून फुटवा आला असता. अशा एकखोडी पामला वाढायची जागा एकच, त्या गाभ्यातली, तो मेला की पानं कितीही हिरवी दिसली तरी झाड संपलं.

शेवटी काकांना फोन केला. काका गुहागरला, आयुष्य माडा-पोफळीत गेलं, रोपं भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून आणणारे. त्यांनी न्यू जर्सीतला बर्फातला माड फक्त व्हॉट्सॅपवर बघितलाय. मी म्हटलं, काका तुमच्याकडे कोंब कुजला की तुम्ही काय करायचात? तर पहिला प्रश्न त्यांचा, "वास येतोय का अजून?" म्हटलं येतोय थोडा. "मग अजून कुजकं आत आहे. ते सगळं काढ आधी. औषध नंतर. आणि कोंब हातात आला म्हणजे माड गेला असं नाही रे बाळा, खालचा गाभा पांढरा आहे तोवर आशा आहे. पण डोक्यात पाणी जाऊ देऊ नकोस, काहीतरी पालथं घाल त्याच्यावर."

त्यांच्याकडे पावसाळ्यात हा रोग येतो, फायटोफ्थोराची बुरशी, आणि पद्धत ठरलेली आहे: कुजलेलं कोरून काढायचं, मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो पेस्ट लावायची, आणि नवा कोंब दिसेपर्यंत शेंड्यावर आच्छादन ठेवायचं. पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, मिश्रणात लोखंडी खिळा बुडवायचा आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुना अजून घालायचा. माझ्या झाडाला बुरशी आहे की बॅक्टेरिया? वासावरून मला बॅक्टेरियाच वाटतंय, पण तांबं दोन्हींवर चालतं, म्हणून एवढ्याशा भोकासाठी मोरचूद कालवत न बसता तयार कॉपर स्प्रे आणला. एक सांगतो, कॉपर मी फक्त दोनदा दिलंय, दहा दिवसांच्या अंतराने. दर आठवड्याला द्या असं सांगणारे बरेच भेटतात, पण तांबं विरून जात नाही, ते गाभ्यात साठतं आणि मग जी कोवळी पेशी वाचवायचीय तीच भाजते.

कोरायला लांब चिमटा आणि आइस्क्रीमचा लहान चमचा वापरला, मोबाइलचा टॉर्च दातात धरून. शिडीवर एक तास. बायको खालून शिडी धरून उभी होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, पांढरं दिसलं का. नाही दिसलं. तपकिरी, मग पिवळट, मग परत पाणी. वर पालथी बादली घातली, बाजूंना भोकं पाडून, वारा खेळायला.

आता मूळ प्रश्न, की कुजलं का. पेटीतला तापमान नोंदवणारा डेटा लॉगर काढून पूर्ण हिवाळ्याचा ग्राफ बघितला. मी चार महिने फक्त मिनिमम बघत होतो. मॅक्सिमम बघितलाच नव्हता. फेब्रुवारीच्या मध्यात पाच दिवस स्वच्छ ऊन होतं, बाहेर ५०-५५, आणि त्या प्लास्टिकच्या पेटीत दुपारी ९१. दमटपणा ९९ टक्क्यांवर चिकटलेला, खाली आलाच नाही. आमची लाल शेलची चिकण माती, ती ओली, त्यावर उबेसाठी लावलेले १७५ वॅटचे सी-नाइन दिवे (नाताळच्या माळेतले मोठे बल्ब, ७ वॅटचे २५), म्हणजे खालून वाफ, वर प्लास्टिकला थेंब, आणि ते थेंब टपटप सरळ शेंड्यात. रात्री बाहेर १४ पर्यंत उतरलं की शेंड्यातलं पाणी गार, दुपारी परत कोमट. कुजायला याच्यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. थंडीने २०२२ मध्ये पानं मारली, गाभा नाही. कोंब या वर्षी मी दिलेल्या उबेने कुजवला, हे मला आता पक्कं पटलंय.

थर्मोक्यूबचाही (ठरलेल्या तापमानाला दिवे आपोआप चालू-बंद करणारा प्लग) यात भाग आहे. वस्तू उत्तम आहे, सहा वर्षं बिनतक्रार चालली, पण ते ३५ ला चालू होतं आणि ४५ ला बंद. नळाचा पाइप गोठू नये म्हणून ते बरोबर आहे. त्रॅकीला ३५ ला उबेची काही गरजच नाही, म्हणजे माझे दिवे डिसेंबर ते मार्च जवळजवळ रोज रात्री जळत होते आणि रोज वाफ काढत होते. पुढच्या वर्षी इंकबर्डचा कंट्रोलर लावणार, ज्यात तापमान आपल्याला हवं ते ठरवता येतं, २२ ला चालू, २७ ला बंद. आणि सी-नाइन घेताना जुने गरम होणारेच घ्या, दुकानात आता शेल्फभर एलईडीच असतात आणि डबा सारखाच दिसतो, एलईडीला उब नाही.

आता जरा चांगलं. नीडल पामला या वर्षी काहीही घातलं नव्हतं, कापड नाही, दिवा नाही, फक्त बुंध्याशी पाइन बार्क. तीन पानांची टोकं करपली, बाकी जसंच्या तसं, आणि तीनही कोंब घट्ट. हा पाम मुळात जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामाचा आणि तरी पामांमध्ये थंडीला सगळ्यात चिवट, हे वाचलेलं होतं पण स्वतःच्या अंगणात ६ डिग्रीत उघडा बघणं वेगळं. वाढतो मुंगीच्या पावलाने, तेवढं सहन करायचं. माझा कॅरोलिनातल्या एका लहान नर्सरीचा आहे, बाहेर उघड्यावर वाढवलेला. मोठ्या दुकानात वसंतात येतात ते त्रॅकी शेडमध्ये खत देऊन फुगवलेले असतात, पान मऊ, पहिल्या हिवाळ्यात हमखास रडवतात. घेतलेच तर मे महिन्यात लावा, सप्टेंबरात नाही.

बस्जूंची (थंडी सोसणाऱ्या शोभेच्या केळी) जाळी उघडली. वरचं सोपट सगळं चिखल झालं होतं, पण कापत कापत खाली आलो तर १४ इंचांवर पांढरा करकरीत गाभा लागला, आणि बाजूला चार मुनवे. मागच्या वर्षी जमिनीपासून सुरुवात करावी लागली होती, यंदा १४ इंचांची आघाडी आहे. केळी खायच्या नाहीत हे माहीत आहे, पण जुलैत त्या पानांवर पावसाचा आवाज येतो ना, तेवढ्यासाठी मी लावल्यात.

ताकिल पामच्या १० बियांपैकी ३ रुजल्या, झिपलॉकमध्ये ओल्या कोकोपीटवर, ७० दिवसांनी. पहिलं पान गवताच्या पातीसारखं. हा आपल्या कुमाऊँचा, पिथोरागढकडचा पाम, डोंगरात बर्फ झेलणारा. ताकिल म्हणून विकलं जाणारं बरंच बी प्रत्यक्षात नैनीतालकडच्या फॉर्च्युनीचं (नेहमीचा त्रॅकी) असतं आणि एवढ्या लहान रोपावर फरक कळत नाही, म्हणून लेबलवर मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

परत मोठ्याकडे. ५ एप्रिलला करवत स्पिरिटने पुसून बाहेर काढली होती, ट्रंक कट करायचा ठरलं होतं, म्हणजे वरून एकेक इंच कापत पांढरं लागेपर्यंत खाली यायचं. पण काकांचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून आधी टॉर्च मारला. वास नव्हता. आणि तळाशी, चमच्याने कोरलेल्या खळग्याच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पिवळसर-पांढरं. करवत परत ठेवली. १२ तारखेला ते हरभऱ्याएवढं झालं होतं. मग बारीक बांबूच्या काडीवर मार्करने खूण करून ती शेजारच्या देठाला बांधली, कारण रोज बघितलं की मनाला वाढल्यासारखंच दिसतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आज सकाळी मोजलं: सहा दिवसांत ४ मिलिमीटर. पहिली एक-दोन पानं वेडीवाकडी, अर्धी कापल्यासारखी येतील, येऊ देत.

आणि पुढच्या हिवाळ्याचं. मी या जागी दुसरा नीडल लावायचा विचार करत होतो, तसं लिहूनही ठेवलं होतं या पोस्टच्या कच्च्या खर्ड्यात. मग चारी बाजूंनी पॉलिकार्बोनेटची मोठी पेटी करावी, झाकण उघडणारी, असं ठरवलं. पण काकांचं ते पालथं घाल लिहिताना मला इरलं आठवलं. भातलावणीला बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, वरून आणि मागून झाकलेलं, पुढून पूर्ण उघडं, आत वारा खेळतो आणि अंग कोरडं. पेटी कशाला हवी? उत्तर-पश्चिमेला पाठ करून पॉलिकार्बोनेटचं एक इरलंच करायचं, डिसेंबर ते मार्च शेंड्यावर थेंबही पडू द्यायचा नाही, पुढची बाजू उघडी, आणि १५ च्या खाली जाणार असेल त्याच रात्री पुढून फ्रॉस्ट क्लॉथ आणि दिवे, सकाळी काढायचं. रोजची धावपळ वाढेल, चालेल. शीट दोन बाय चार फुटांची पुरेल की उतार जास्त लागेल ते कुणी केलं असेल तर सांगा, बर्फाचं वजन हा एकच प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

रात्री पाऊस सांगितलाय, पाऊण इंच. बादलीवर वीट ठेवून येतो.