पाणी साचलेलं की वाहतं?

जैतापूरचं नाव पेपरात आलं की राजापूरच्या बाजारात कुणीतरी मला गाठतंच. "सर, तो अणुकचरा म्हणे काचेत कोंडतात. मग आपल्या पावसात ती काच विरघळणार नाय काय?" मी रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून प्रश्न माझ्या वाट्याला. प्रकल्प हवा की नको यावर इथे बोलत नाही. त्यावरून घराघरात पुरेशी भांडणं झालीत. तुम्ही विचारलंत म्हणून फक्त काचेचं सांगतो.

विरघळते. विरघळतच नाही म्हणणारेही चूक आणि पहिल्या पावसात वाहून जाईल म्हणणारेही.

ही काच बोरोसिलिकेट, म्हणजे सिलिकाबरोबर (वाळूतला मुख्य पदार्थ) बोरॉन असलेली. वापरलेल्या इंधनातून युरेनियम, प्लुटोनियम काढून घेतल्यावर जो जहाल आम्लाचा द्राव उरतो, तो काचेच्या कच्च्या मालाबरोबर 1000 अंशांच्या आसपास वितळवून पोलादी डब्यांत ओततात. फ्रान्समध्ये मार्कूलला हे 1978 पासून सुरू झालं. आपल्याकडे तारापूरला, म्हणजे कोकणच्याच उत्तर टोकाला, आणि ट्रॉम्बेला होतं. किरणोत्सारी अणूंपैकी बहुतेक काचेच्या जाळ्यातच बसलेले असतात. त्यामुळे काच तडकली म्हणून ते सांडत नाहीत, काच स्वतः झिजावी लागते.

ती झिजते कशी? आधी पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि सोडियम बाहेर पडतं. मग सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तुटायला लागतात. ताज्या, गरम पाण्यात हे जोरात चालतं. पण पाणी जागचं हललं नाही, तर त्यात सिलिका साठत जाते आणि काचेच्या अंगावर ओला, सच्छिद्र थर धरतो. तो घट्ट झाला की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाणं अवघड होतं. झिजेचा वेग हजारो पटींनी उतरतो. काच किती खाल्ली गेली हे कळायला पाण्यातलं बोरॉन मोजतात, कारण ते त्या थरात थांबत नाही.

यावर एखादा काचवाला मला अडवेल, आणि बरोबर अडवेल. पावसाळ्यात एकीला एक लावून ठेवलेल्या काचांमध्ये पाणी शिरलं की त्या पांढुरक्या पडतात, कितीही पुसा. म्हणून तर मध्ये कागद घालतात. तिथलं पाणीही साचलेलंच होतं ना? होतं. पण खिडकीच्या काचेतून सुटलेलं सोडियम त्या थेंबभर पाण्याला इतकं अल्कधर्मी करतं की तेच पाणी काचेला खायला उठतं. बोरोसिलिकेटमधून सोडियमबरोबर बोरॉनही सुटतं आणि ते पाण्याचा अल्कधर्मीपणा पीएच 9 च्या आसपास (7 म्हणजे ना आम्ल, ना अल्क) आवरून धरतं.

मला धास्ती वाटते ती झिओलाइट नावाच्या खनिजांची. पाणी गरम आणि फारच अल्कधर्मी असलं तर त्या थरावर झिओलाइटचे स्फटिक वाढू शकतात. वाढीला लागणारं अॅल्युमिनियम आणि सिलिका ते ओढून घेतात आणि मंदावलेली झीज पुन्हा वेग धरते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे चकाकते खडे मिळतात ना, त्यांतले बरेचसे याच कुळातले. पाण्यात मॅग्नेशियम असलं तर तेही सिलिका पळवतं. खडक कुठला, हा प्रश्न म्हणून काचेइतकाच महत्त्वाचा.

हजारो वर्षांचा प्रयोग कोण करणार? फ्रान्सजवळच्या समुद्रात एंबिये बेटापाशी एक रोमन जहाज सुमारे 1800 वर्षं बुडून होतं, पोटात कच्च्या काचेचे गोळे घेऊन. संशोधकांनी ते कापून पाहिले. कडेच्या भेगांत, जिथे समुद्राचं पाणी खेळतं होतं, काच बरीच बदललेली. आतल्या अरुंद भेगांत फारच थोडी.

तेव्हा आपल्या पावसाचं उत्तर असं: जांभ्यातून तो वाहत जातो, दरवर्षी नवा, म्हणजे या काचेला नकोच असलेलं पाणी. तिथे ती ठेवायचीच नसते. तारापूरला ते डबे सध्या हवेवर थंड होणाऱ्या कोठारात कोरडे ठेवलेत. कायमचं खोल भांडार भारतात अजून झालेलं नाही.