पाणी पळतं, बर्फ बसतो

फोटो आला तेव्हा मी ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये होते. ऐरोली गेलं होतं, रबाळे यायचं होतं. जानेवारीतली सकाळ. फोटोत आम्हीच बनवलेलं छप्पर: मनालीच्या वर, सोलंगच्या वाटेवर एका गेस्ट हाऊसचं जेवणघर. हिरवा पत्रा अगदी धुतल्यासारखा. खाली दारासमोर छातीएवढा बर्फाचा ढीग, त्यातून आमची पन्हाळ वाकडी होऊन वर आलेली. स्वयंपाकघराचं धुराडं मुळातून गायब. सोबत एकच ओळ, ‘मॅडम, ये देखिए.’

आजूबाजूला सगळं पांढरं असताना आपलाच पत्रा एवढा स्वच्छ कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आमचं वर्कशॉप रबाळ्याच्या एमआयडीसीत. गोडाऊनच्या शेड, सोसायट्यांच्या गच्चीवरच्या पावसाळी शेड, हे रोजचं काम. ड्रॉइंग मी करते. इथली सगळी विद्या पाण्याची. उतार द्या, जोडावर जोड नीट चढवा, स्क्रूखाली रबरी वॉशर घाला, पन्हाळ मोठी ठेवा. वाऱ्यासाठी आयएस ८७५ चा, म्हणजे इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाचा, तिसरा भाग, तो आमच्याकडे पानं सुटेपर्यंत वापरलाय. चौथा भाग बर्फाचा. तो या कामासाठी पहिल्यांदा उघडला, आणि सांगाडा भार पेलेल की नाही एवढं बघून मिटला. सांगाड्याला खरंच काही झालं नव्हतं. चढलेला बर्फ उतरणार कसा, हे मात्र आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं.

खर्च कुणाचा यावरून आठवडाभर फोनाफोनी झाली. शेवटी माल आमचा, वाहतूक अर्धी-अर्धी असं ठरलं. फेब्रुवारीत मी आणि आमचे वेल्डर काका निघालो. काका कळव्याचे, जन्मात बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवरचा.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं आणि झाला प्रकार डोळ्यांनी बघायला मिळाला. मागच्या पाख्यावर अर्धा मीटर बर्फ होता. साडेदहाच्या सुमारास पत्रा किंचित कुरकुरला. वळचणीला पाण्याचे थेंब दिसायला लागले. उन्हाने पत्रा तापतो, बर्फाच्या तळाशी पाण्याचा पातळ थर होतो आणि वरची अख्खी लादी सुटी होते. मग कुठलीही वर्दी न देता पूर्ण पाखं एकदम खाली आलं. ट्रक रिकामा करताना रेती पडते तसा आवाज. काका दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “बाई गं, खाली कोण असतं तर?”

तिथले म्हातारे मिस्त्री शेजारच्या जुन्या घराकडे बोट दाखवत होते. त्याचं छप्पर स्लेटच्या दगडी पाट्यांचं. त्यावर बर्फ तसाच बसलेला, हळूहळू विरघळणारा. खडबडीत दगड त्याला धरून ठेवतो, आणि वर बसलेला बर्फ गोधडीसारखी ऊबही राखतो. आमचा रंगीत पत्रा म्हणजे घसरगुंडी. मिस्त्री म्हणाले, “इसको रोकना है कि जाने देना है, पहले वो बोलो. फिर लोहा काटो.”

हा प्रश्न आम्हाला कधी कुणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे पाण्याला फक्त जाऊ द्यायचं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक किलो पाणी, म्हणजे दर चौरस मीटरवर ९४४ किलो. पण आमच्या पत्र्यांनी त्या दिवशी एवढं वजन एका क्षणासाठीही पेललं नाही, कारण पाणी पडलं तसं पळालं. बर्फ बसून राहतो, साठतो आणि त्याच्या मनात येईल तेव्हा निघतो.

किती वजन आहे हे पुस्तकातून घेण्याऐवजी मोजायचं ठरवलं. १५ किलो तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यात साडेसोळा लिटरच्या आसपास मावतं. तो उपडा करून बर्फात सरळ दाबत नेला, खालून पत्र्याचा तुकडा सरकवला, उचलला आणि गेस्ट हाऊसच्या भाजीच्या काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा जाता चार किलो. म्हणजे घनमीटरला साधारण २४० किलो. तीन-चार दिवसांचा बसलेला बर्फ होता तो. ताजा भुसभुशीत याच्या निम्म्यानेही भरत नाही.

मग तिथेच वहीत हिशेब केला. अर्धा मीटर बर्फ म्हणजे चौरस मीटरला १२० किलो. आढ्यापासून वळचणीपर्यंतचं आडवं अंतर ६ मीटर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या पट्ट्यावर ७२० किलो. उतार ३० अंशांचा, त्यामुळे यातला निम्मा जोर खाली ढकलणारा: दर मीटरला ३६० किलो. घर्षण धरलं नाही, ओल्या पत्र्यावर ते धरण्यात अर्थ नसतो. छप्पर १२ मीटर लांब. सगळं मिळून ४ टनांच्या वर. हे सगळं एका पन्हाळीवर आदळलं होतं, आणि ती आम्ही ठाण्याच्या पावसाच्या हिशेबाने लावलेली.

निर्णय असा झाला. पुढच्या पाख्याखाली दार आणि पाहुण्यांची ये-जा, तिथे बर्फ रोखायचा. मागे मोकळी उतरती जागा, तिथे जाऊ द्यायचा. मात्र खाली तीन मीटरवर कुंपण घालायचं आणि तिकडे पन्हाळ लावायचीच नाही. धुराडं आढ्याला खेटून घ्यायचं, कारण तिथे वरून ढकलायला बर्फच नसतो.

दुसरं दुखणं आत होतं. जेवणघराच्या छताला भिंतीलगत ओल. काकांनी सवयीने आधी सिलिकॉनची नळी काढली. पण स्क्रूतून गळत नव्हतं. खोलीत लाकडाची शेगडी दिवसभर पेटलेली. तिची ऊब वर जाऊन बर्फाचा तळ वितळवते, ते पाणी वाहत वळचणीला येतं, तिथे खाली ऊब नसते म्हणून पुन्हा गोठतं. असा गोठलेल्या बर्फाचा बांध तयार होतो आणि त्यामागे पाणी तुंबतं. पत्र्यांचा जोड वाहत्या पाण्यासाठी असतो. तुंबलेलं पाणी त्यातून उलटं आत शिरतं. यावर सिलिकॉनचा उपयोग नाही. सीलिंगवर ग्लासवूल, पत्र्याखाली वारा खेळायला वळचण आणि आढ्याला फट, आणि खालच्या पट्ट्यात पत्र्याखाली वॉटरप्रूफ मेम्ब्रेन, एवढं करावं लागतं. एक कामगार त्या बांधावर जाडं मीठ टाकायला निघाला होता, त्याला काकांनीच थांबवलं. खाडीकाठी राहणाऱ्याला मीठ पत्र्याचं काय करतं हे सांगावं लागत नाही.

परत आल्यावर मार्च-एप्रिल यातच गेले. पुढच्या पाख्यावर बर्फ अडवायला ब्रॅकेटच्या तीन रांगा, प्रत्येक ब्रॅकेट ६०० मिलिमीटरवर, मधून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. एका रांगेत २१, एकूण ६३ ब्रॅकेट. एकट्या वळचणीला एकच रांग लावून चालत नाही, वरचा सगळा जोर तिच्यावरच येतो. तीन रांगांत वाटला तर एका ब्रॅकेटला ७२ किलो. वाईट वर्षी बर्फ दुप्पट पडतो असं मालक म्हणाले होते, म्हणून १४४ धरले आणि चाचणी ३०० ला करायची ठरवली.

वर्कशॉपच्या मागे तिरका सांगाडा उभा केला, ओढायला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आणि जोर मोजायला लटकता काटा लावला. एप्रिलचं ऊन, पत्र्याला हात लावायची सोय नाही, आणि आम्ही बर्फाची चाचणी घेतोय! समोरच्या युनिटची पोरं चहा घेऊन बघायला यायची. पहिलं ब्रॅकेट नुसतं पत्र्याला स्क्रू केलेलं होतं. दोनशेच्या आतच पत्र्याची नळी चेपली आणि स्क्रू भोकं मोठी करत बाहेर आले. दुसरं पत्र्यातून थेट पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीत पकडलं, खाली पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप. तीनशेला हललं नाही.

एक गोष्ट साहेबांना पटवायला वेळ लागला. रोखलेला बर्फ छतावरच राहणार, मग तो घसरून जाईल असं धरून उतारामुळे भारात मिळणारी सूट घेता येत नाही. सांगाडा नव्याने तपासला, वळचणीजवळ दोन पर्लिन वाढवल्या. “काम दुरुस्तीचं आणि लोखंड नव्या शेडचं,” साहेब म्हणाले, पण सही केली.

ऑक्टोबरमध्ये बसवून आलो. मालकांना दोनच गोष्टी बजावल्या: छपरावर चढायचं नाही, आणि लोखंडी फावड्याने पत्रा खरवडायचा नाही.

यंदा जानेवारीत मिस्त्रींनी व्हिडिओ पाठवला. पुढच्या पाख्यावर बर्फ पाइपांना टेकून गुमान बसलाय, दारासमोर बाई केर काढतेय. तेवढ्यात मागून धाड आवाज होतो, कुत्रं भुंकत पळतं. व्हिडिओ थांबवून मोठा करून बघितला. सगळ्यात वरच्या रांगेतली दोन ब्रॅकेट बोटभर वाकलेली दिसतात. काकांना दाखवलं. ते म्हणाले, वरची रांग ६ मिलिमीटरच्या पट्टीची करू. ऑक्टोबरची तिकिटं काढायला सांगितली आहेत.